लेथ ‘आऊट’ मारतो, पण दोष कोणाचा?

मराठीत ‘कातणे’ हे क्रियापद दोन वेगळ्या कामांना चालते. चरख्यावर सूत काततात हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण लाकडाचा ठोकळा फिरता ठेवून त्यावर पटाशी धरायची आणि त्याला गोलाई आणायची, यालाही कातणेच म्हणतात. हे काम करणारा तो कातारी, आणि त्याच्या हातून उतरलेला पलंगाचा पाय किंवा लाटणे म्हणजे कातीव काम. या दोन्ही उद्योगांत एक गोष्ट सारखी आहे. एक दांडा स्वतःभोवती अगदी सरळ फिरला पाहिजे. चरख्यात त्या दांड्याला चाते म्हणतात, आणि कातारकामाच्या यंत्रात, म्हणजे लेथमध्ये, स्पिंडल.

या दोन्ही दांड्यांची ओळख वर्धा जिल्ह्याला चांगली आहे. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत सुरू झाले. तेथील मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडले गेले आणि आजही पाहता येते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली आणि मुले वर्गात टकळी व चरखा चालवू लागली. चरख्यावर बसलेल्या मुलाला लवकरच कळते की चाते जरा जरी वाकले, तरी ते थरथरते, सुताला हिसके बसतात आणि सूत तुटते. मग चाते सरळ करायचे. ते सावकाश फिरवायचे आणि खडूचा तुकडा न हलवता हळूहळू जवळ आणायचा. जी बाजू बाहेर झेपावते तिलाच खडू लागतो. ती बाजू वर ठेवून हलकेच ठोकायचे, पुन्हा फिरवायचे, पुन्हा पाहायचे. खडूची रेघ सगळीकडून सारखी उमटली की चाते सरळ झाले.

आता त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या दांड्याकडे वळू. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी हा सारा कापसाचा मुलूख. कापूस आला की सरकी वेगळी करणारे जिन आले, आणि जिन आले की ते दुरुस्त करणारे वर्कशॉप आले. रूळवाल्या जिनमध्ये चामड्याच्या चकत्या एका दांड्यावर ओवून, दाबून केलेला मीटरभर लांबीचा रूळ असतो. रुई या रुळाला चिकटून पुढे जाते आणि रुळाला टेकून बसलेल्या स्थिर सुरीपाशी सरकी अडते. रूळ जर त्याच्या धारव्यांत, म्हणजे बेअरिंगांत, नीट मध्यावर फिरत नसेल तर दर फेऱ्याला एकदा सुरी आणि रूळ यांच्यात फट पडते आणि एकदा सुरी रुळात रुतते. फटीतून सरकी निसटते, रुतण्याने चामडे जळते. म्हणून रूळ झिजला की तो लेथवर चढवून पुन्हा गोल करावा लागतो. पण ज्या लेथवर तो गोल करायचा, त्याचा स्पिंडलच वाकडा फिरत असला तर?

कारागीर या दोषाला ‘आऊट’ म्हणतात. ‘चक आऊट आहे’, ‘जॉब आऊट फिरतो’ हे शब्द कोणत्याही वर्कशॉपात कानावर पडतील. जुना लेथ आऊट मारू लागला की पुष्कळदा घाईने निकाल दिला जातो : स्पिंडल गेला, लेथ भंगारात काढा. किंवा त्याहून वाईट म्हणजे स्पिंडलचे तोंडच घासून ‘सरळ’ केले जाते. या लेखात आपल्याला पाहायचे आहे ते असे, की आऊट दिसला तर तो नेमका कोणाचा हे कसे शोधावे. शोध नीट केला तर बहुतेक जुने लेथ वाचतात.

डायल गेज

चात्यापुढे आपण खडू धरला. लेथपुढे डायल गेज धरतात. घड्याळासारखी तबकडी, आणि खाली एक बारीक दांडी. दांडी आत दाबली गेली की तिच्यावरचे दाते लहान दंतचक्रांना फिरवतात आणि काटा सरकतो. नेहमीच्या गेजमध्ये दांडी १ मिलिमीटर सरकली की काटा पूर्ण एक फेरा घेतो, आणि तबकडीवर १०० भाग असतात. म्हणजे एक भाग ०.०१ मिलिमीटर. आपला केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो, यावरून त्या एका भागाची कल्पना करा. जुने टर्नर अजूनही इंचाच्या हजाराव्या भागाला ‘थाऊ’ म्हणतात. एक थाऊ म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर, तबकडीवरचे अडीच भाग.

गेज चुंबकाच्या बैठकीवर लेथच्या बेडवर पक्का बसवायचा, दांडी फिरत्या भागाला टेकवायची आणि स्पिंडल हाताने सावकाश फिरवायचा. मोटर लावून नव्हे. मेन स्विच बंद असला पाहिजे, आणि चक आवळण्याची किल्ली चकात विसरलेली नसली पाहिजे.

काटा एका फेऱ्यात जितका पुढेमागे झाला तितका एकूण आऊट. येथे विद्यार्थी हमखास अडखळतात. समजा एका गोल सळईचा मध्य फिरण्याच्या अक्षापासून ०.१ मिलिमीटर बाजूला आहे. एका बाजूला सळई ०.१ ने जवळ येईल, अर्ध्या फेऱ्यानंतर ०.१ ने दूर जाईल. काटा दाखवील ०.२. गेजवरचे माप हे उत्केंद्रतेच्या दुप्पट असते.

वाकड्या चकात गोल जॉब

स्पिंडलच्या तोंडावर चक असतो, चकाच्या तीन जबड्यांत जॉब धरलेला असतो. समजा जबडे झिजले आहेत आणि सळई ०.१५ मिलिमीटर आऊट फिरते आहे. आता टूल पुढे घेऊन सळईवरून एक हलका काप काढा आणि जॉब न सोडता पुन्हा डायल लावा. काटा जवळजवळ हलत नाही! चक तोच, जबडे तेच, आणि जॉब मात्र गोल.

कारण असे की वर्तुळ चक काढत नाही, अक्ष काढतो. कंपासचा विचार करा. टोक कागदावर एके ठिकाणी रोवलेले असेल तर पेन्सिल कशीही तिरपी बसवा, वर्तुळ बिनचूक येते. टोकच भोकात हलत असेल तर नवी पेन्सिल घालूनही उपयोग नाही. लेथमध्ये टूल एका जागी थांबलेले असते आणि जॉब स्पिंडलच्या अक्षाभोवती फिरतो. अक्ष जागच्या जागी राहिला की कापलेला पृष्ठभाग त्या अक्षापासून सर्वत्र सारख्या अंतरावर येणारच.

म्हणून आऊटचे दोन प्रकार वेगळे ठेवायला शिकले पाहिजे. पहिल्यात अक्ष स्थिर आहे, पण त्यावर चढवलेली वस्तू वाकडी बसली आहे. हा दोष त्रासदायक आहे, कारण जॉब काढून उलटा लावला की आधीचा आणि नंतरचा भाग एका अक्षावर येत नाहीत. जिनच्या रुळाचेही असेच होते. दांड्याच्या टोकांच्या बैठका एका बांधणीत आणि चामडे दुसऱ्या बांधणीत कातले, तर दोन्ही गोल असूनही एकमेकांशी आऊट. दुसऱ्या प्रकारात अक्षच भटकतो. तेव्हा जॉबच गोल येत नाही, पृष्ठभागावर लाटा उठतात, टूल किंचाळते.

तुमच्या शाळेत लेथ नसेल तर सायकल उलटी करून ठेवा. चाक फिरवा आणि रिमजवळ खडू स्थिर धरा. खडू काही ठिकाणीच लागला तर रिम आऊट. आता चाक थांबवा, रिम दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. खटखट असा ढिलेपणा जाणवला तर दोष हबच्या छर्ऱ्यांत आहे. रिम म्हणजे चक, हब म्हणजे स्पिंडलचे बेअरिंग. आरे आवळून हबचा ढिलेपणा जात नाही, आणि हबचे कोन आवळून वाकडी रिम सरळ होत नाही. सायकल दुरुस्त करणाऱ्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. लेथसमोर मात्र आपण ते विसरतो.

शोध आतून बाहेर

आता प्रत्यक्ष जुन्या लेथकडे जाऊ. कल्पना करा, हिंगणघाटच्या रस्त्यावरचे एक वर्कशॉप आहे, पट्ट्यावर चालणारा लेथ आहे, हेडस्टॉकमध्ये गनमेटलचे दोन भागांचे बुश आहेत, आणि स्पिंडलच्या तोंडावर आटे पाडून चक चढवलेला आहे. आयटीआयतून आलेला मुलगा सळई धरून डायल लावतो. चकापासून २०० मिलिमीटरवर काटा २५ भाग फिरतो, म्हणजे ०.२५ मिलिमीटर.

“काका, स्पिंडल वाकला वाटते.”

“थांब बेटा. चक उतरव, आटे पूस, मग बोलू.”

मिस्त्रींचे म्हणणे हिशेबाने तपासून पाहू. चक स्पिंडलच्या ज्या खांद्याला टेकतो त्याचा व्यास ८० मिलिमीटर धरा. त्या खांद्याच्या एका कडेला लोखंडाचा ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे केसाएवढा, कण अडकला आहे. चक ८० मिलिमीटरला ०.०५, म्हणजे १६०० ला १ या प्रमाणात कलला. तर २०० मिलिमीटरवर सळई २०० भागिले १६००, म्हणजे ०.१२५ मिलिमीटर बाजूला गेली. काटा त्याच्या दुप्पट दाखवणार : ०.२५. लाखमोलाचा स्पिंडल भंगारात निघाला असता तो चिमटीतही न येणाऱ्या एका कणापायी! म्हणून पहिले काम रॉकेल, ब्रश आणि स्वच्छ चिंधी यांचे. आट्यांच्या तळाशी रुतलेला कीस टोकदार लाकडी काडीने काढावा. खांद्यावर ठोकर लागून उठवटा आला असेल तर ऑइल स्टोनने तेवढाच उंचवटा घासावा. कानस लावू नये.

एवढ्याने काटा शांत झाला नाही, तर चक बाजूला ठेवून स्पिंडलच्या आतल्या अंगापासून सुरुवात करायची. बाहेरून आत नव्हे. बेअरिंगचा निकाल लागल्याशिवाय तोंडाचा निकाल लावता येत नाही, आणि तोंडाचा लागल्याशिवाय चकाचा लावता येत नाही.

बेअरिंगची परीक्षा अशी. पट्टा सैल करा. डायलची दांडी स्पिंडलच्या तोंडावरील गुळगुळीत पट्टीला वरून टेकवा. स्पिंडलच्या पोकळीत एक लाकडी दांडा घालून हाताच्या बेताच्या जोराने वर उचला आणि सोडा. काटा ०.०१ च्या आसपास हलून परत आला तर ती लोखंडाची स्वाभाविक लवचीकता. ०.०५ किंवा ०.०८ सरकला आणि ‘टक’ असे जाणवले तर ढिलेपणा आहे. तसेच स्पिंडल पुढेमागे ढकलून ओढून पाहा.

ही उचलून पाहण्याची पायरी टाळू नका. बुशच्या बेअरिंगात ढिलेपणा असला तरी हाताने फिरवताना काटा पुष्कळदा शांत राहतो. स्पिंडल आणि चक यांचे वजन दांड्याला बुशच्या तळाशी दाबून ठेवते, आणि तो तळाशीच इमानाने फिरतो. काप सुरू झाला की टूलचा रेटा त्याला उचलतो आणि मग तो त्या फटीत नाचू लागतो. डायल खोटे बोलला नाही, पण आपण त्याला चुकीच्या वेळी विचारले.

यानंतर स्पिंडल फिरवून तोंडाच्या पट्टीवर काटा पाहायचा. चांगल्या साधारण लेथला येथे सुमारे ०.०१ मिलिमीटरपर्यंत आऊट चालतो. मग स्पिंडलच्या आतल्या निमुळत्या भोकात, म्हणजे टेपरमध्ये, अचूक घासलेला चाचणी-दांडा बसवून दोन ठिकाणी मोजायचे : तोंडापाशी आणि ३०० मिलिमीटर दूर. तोंडापाशी ०.०१ आणि ३०० वर ०.०२ ही सर्वसाधारण मर्यादा. दोन्हीकडे माप सारखेच वाढले असेल तर भोक अक्षापासून बाजूला सरकलेले आहे. दूर जाताना वाढत असेल तर ते तिरपे आहे. अशा चाचण्यांची पद्धतशीर पुस्तिका बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील प्राध्यापक गेओर्ग श्लेसिंगर यांनी १९२७ साली प्रसिद्ध केली. त्यापूर्वी ‘हा लेथ चांगला’ म्हणजे काय, याबद्दल विकणारा आणि घेणारा यांचे एकमत होणे कठीण असे. पुढे निरनिराळ्या देशांच्या मानक संस्थांनी अशाच चाचण्या स्वीकारल्या.

चाचणी-दांडाच वाकडा असेल तर?

येथपर्यंत आलेल्या चौकस विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्या दांड्याने आपण स्पिंडल तपासतो तो तरी सरळ कशावरून? उत्तर सुंदर आहे : वाकड्या दांड्यानेही स्पिंडल तपासता येतो, फक्त तो दोनदा बसवावा लागतो.

स्पिंडलच्या तोंडावर खडूने एक खूण करा. दांडा बसवा आणि मोजा. समजा काटा एकूण ०.०६ हलला आणि सर्वांत उंच जागा खुणेच्या बाजूला आली. आता दांडा काढून, अर्धा फेरा फिरवून पुन्हा त्याच टेपरमध्ये बसवा. या वेळी काटा ०.०२ हलला, पण उंच जागा खुणेच्या अगदी विरुद्ध आली.

स्पिंडलचा दोष स्पिंडलबरोबरच राहतो, त्याची दिशा खुणेपाशी पक्की आहे. दांड्याचा दोष मात्र दांड्याबरोबर फिरला आणि उलटा झाला. पहिल्या वेळी दोघांची बेरीज झाली, दुसऱ्या वेळी वजाबाकी. खुणेची बाजू धन मानली तर मापे +०.०६ आणि −०.०२ अशी लिहिली पाहिजेत. दोन्हींची बेरीज ०.०४, तिचे निम्मे ०.०२ : हा स्पिंडलचा आऊट. दोन्हींतला फरक ०.०८, त्याचे निम्मे ०.०४ : हा दांड्याचा. म्हणजे गुन्हेगार तपासनीसच होता! दिशा न लिहिता नुसती ०.०६ आणि ०.०२ ची सरासरी काढली असती तर स्पिंडलच्या माथी ०.०४ बसले असते. शिक्षकांनी धन-ऋण संख्यांचा हा उपयोग फळ्यावर अवश्य दाखवावा. उणे चिन्ह चुकले तर येथे नुसता गुण जात नाही, चांगला स्पिंडल घासला जातो.

उंच जागा खुणेच्या ना या बाजूला ना त्या बाजूला, मध्येच कोठे आली तर दांडा पाव-पाव फेऱ्याने चार वेळा बसवून मोजतात आणि दिशेसह सरासरी काढतात. तत्त्व तेच.

दुरुस्ती

आता दुरुस्तीकडे. येथे एकच क्रम पाळावा असे माझे मत आहे : जे परत पूर्ववत करता येते ते आधी, जे येत नाही ते शेवटी.

दोष चकात निघाला तर तो सर्वांत सोपा. तीन जबड्यांच्या वापरलेल्या चकात ०.०५ ते ०.१ मिलिमीटर आऊट असणे काही विशेष नाही. सळई सोडून पुन्हा पुन्हा धरा. दर वेळी माप वेगळे आणि दिशा वेगळी आली तर जबडे किंवा आतले सर्पिल चक्र झिजले आहे. दर वेळी माप तेच आणि दिशाही तीच आली तर चकाची बैठक, म्हणजे बॅकप्लेट, वाकडी आहे. बॅकप्लेट त्याच लेथच्या स्पिंडलवर चढवून तिच्यावरून हलका काप घेतला की ती त्या स्पिंडलपुरती सरळ होते. वाकड्या चकात गोल जॉब येतो तेच तत्त्व. जबडे बाहेरच्या टोकाशी जास्त झिजलेले असतील तर ते टूलपोस्टवर बसवलेल्या लहान ग्राइंडरने, जबड्यांवर ताण ठेवून, जागच्या जागी घासतात. आणि ज्या कामाला अचूकपणा हवा त्याला चार स्वतंत्र जबड्यांचा चक लावून डायलने मध्य साधणे हा जुना रस्ता तर आहेच. यात चकाच्या दोषाचा प्रश्नच उरत नाही.

बेअरिंग ढिले असेल तर काम नाजूक आहे. दोन भागांच्या बुशमध्ये वरच्या टोपीखाली पितळेच्या पातळ पट्ट्या घातलेल्या असतात. बुश झिजला की यांतली एखादी पट्टी काढून टोपी खाली बसवायची. पण किती? यासाठी जुनी युक्ती आहे. स्पिंडलवर शिशाची बारीक तार ठेवून टोपी आवळायची, पुन्हा उघडायची, आणि चपट्या झालेल्या तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजायची. जेवढी तिची जाडी तेवढी फट.

ही फट शून्य करायची नसते. साध्या यंत्रांत फट दांड्याच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाइतकी ठेवतात, म्हणजे ५० मिलिमीटर व्यासाला ०.०५, लेथच्या स्पिंडलला त्याहून कमी लागते. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशाँ टॉवर रेल्वेच्या धारव्यांवर प्रयोग करत असता त्यांना आढळले की बेअरिंगमधल्या तेलात प्रचंड दाब तयार होतो. भोकात ठोकलेले बूच तेल बाहेर फेकून देई. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. फिरता दांडा तेल आपल्याबरोबर पाचरीसारखा निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि त्या तेलावरच तरंगतो. लोखंड गनमेटलला टेकतच नाही. फटच ठेवली नाही तर तेलाला जागा नाही, बेअरिंग तापते, दांडा फुगतो आणि जाम बसतो. ढिल्या बेअरिंगपेक्षा जास्त आवळलेले बेअरिंग लेथचा लवकर घात करते.

पट्टी काढल्यावर बुशचे भोक किंचित लंबगोल होते, म्हणून ते खरवडावे लागते. शेंदूर तेलात कालवून त्याचा अगदी पातळ लेप स्पिंडलला लावायचा, स्पिंडल बुशमध्ये ठेवून हाताने थोडा फिरवायचा आणि उचलायचा. जेथे शेंदूर लागला तेथेच टेकते आहे. तेवढेच ठिपके स्क्रेपरने खरवडायचे आणि पुन्हा लेप. ठिपके सबंध भागावर सारखे पसरेपर्यंत हे चालते. खडू आणि चाते आठवले असतील तर बरोबरच आहे. या कामाला दिवस जातो आणि ते घाईने करणारा माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करताना दिसतो. ज्या लेथमध्ये टेपर रोलर बेअरिंग असतात त्यांत खरवडणे नसते. मागची गोल नट थोडी थोडी आवळून ढिलेपणा काढतात, आणि तरीही खरखर राहिली तर बेअरिंगच बदलतात.

स्पिंडलचा बैठकीचा भागच लंबगोल झाला असेल किंवा स्पिंडल खरोखर वाकला असेल तर तो बाहेर काढून व्ही-ब्लॉकवर तपासावा लागतो. येथे मायक्रोमीटरवर एकट्यावर विसंबू नका. तीन किंवा पाच कोपऱ्यांचा बोथट आकार असा असू शकतो की त्याचा व्यास कोठेही मोजला तरी सारखाच येतो, आणि तो गोल मात्र नसतो. व्ही-ब्लॉकमध्ये फिरवून डायल लावला की तीन कोपऱ्यांचा आकार लगेच उघडा पडतो. अशा स्पिंडलला झिजलेल्या जागी क्रोमचा मुलामा किंवा धातूचा फवारा देऊन पुन्हा ग्राइंड करतात. हे काम मोठ्या वर्कशॉपचे. त्याचा खर्च पाहून मगच लेथ ठेवायचा की काढायचा हे ठरवावे.

राहिले ते टेपरचे भोक घासणे. हा मोह फार मोठा असतो, कारण लेथवरच ग्राइंडर बसवून ते तासाभरात करता येते आणि लगेच काटा शून्यावर येतो. पण बेअरिंग ढिले असताना हे केले, तर भोक त्या दिवशी अक्ष जेथे भटकत होता त्याला अनुसरून घासले जाते. पुढे बेअरिंग नीट केले की अक्ष आपल्या खऱ्या जागी येतो आणि भोक कायमचे वाकडे उरते. काढलेले लोखंड परत चिकटवता येत नाही. टेपरला हात लावायचा तो बेअरिंग पक्के झाल्यावर, चाचणी-दांडा उलटसुलट करून मोजल्यावर, आणि तरीही आऊट उरला तरच.

आमच्या हिंगणघाटच्या काल्पनिक लेथचे पुढे काय झाले? चक पुसून चढवल्यावर ०.२५ चे ०.०९ झाले. उचलून पाहिले तर पुढच्या बुशमध्ये ०.०७ चा ढिलेपणा. एक पट्टी काढून, दिवसभर खरवडून तो ०.०२ वर आणला. तोंडाच्या पट्टीवर काटा एक भाग हलला. उरलेला आऊट जबड्यांचा होता, तो तसाच राहू दिला, कारण त्या वर्कशॉपात अचूक काम चार जबड्यांच्या चकावरच होते. खर्च रॉकेल, शेंदूर आणि दोन दिवसांची मजुरी. तांत्रिक शाळेत जुना लेथ असेल आणि पैसे थोडे असतील, तर नव्या चकाआधी एक बरा डायल गेज घ्यावा.

दुरुस्ती संपल्यावर मोजणी एकदाच करून भागत नाही. तेल घालून स्पिंडल मधल्या वेगाने अर्धा तास फिरू द्यावा. मग यंत्र बंद करून, स्विच काढून, हेडस्टॉकवर बेअरिंगाच्या जागी हात ठेवावा. कोमट लागले तर ठीक. हात ठेववत नसेल तर फट कमी झाली आहे, टोपी पुन्हा उघडावी लागेल. कोमट असतानाच डायल लावून सर्व मापे परत घ्यावीत आणि तोंड, टेपर जवळ, टेपर ३०० मिलिमीटर, उचल, अशा चार संख्या तारखेसह एका कार्डावर लिहून ते हेडस्टॉकच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावे.